गुरुवारी हॅमर बंद

चाकणच्या कांद्याच्या वखारी मागे पडल्या, त्यांचा वासही मागे पडला, आणि मालोजीभाऊजी म्हणाले, "वहिनी, बोलत राहा. काहीही बोला, पण गप्प नका राहू."

मी सकाळपासून बोलतच होते. आकुर्डीहून निघताना तेलाचे भाव झाले, एसटीत माझ्या नणंदेचं बाळंतपण झालं, चाकणला उतरून चहा घेताना रेशनची साखर झाली. आता भाऊजींच्या बायकोच्या, कस्तुराच्या माहेरची वाडी भामा नदीच्या पलीकडे, एसटी तिकडे संध्याकाळी एकदाच, म्हणून बैलगाडीच्या रस्त्यानं चालत निघालो होतो. वरून ऊन, दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, आणि बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"भाऊजी, आता आरतीच राहिली."

"मग आरती म्हणा."

भर दुपारी, गाडीवाटेत, मी दत्ताची आरती म्हणत चालले. खुरपणाऱ्या बाया उठून कमरेवर हात ठेवून बघत होत्या. परका पुरुष पुढे आणि बाई मागे आरती म्हणत चाललेली. काय समजल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. भाऊजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पायाखालच्या जमिनीकडे बघत होते. मध्येच थांबायचे, टाच जमिनीवर दाबायचे, मान वाकडी करायचे. मी आरती थांबवली की लगेच मागे वळून बघायचे. मीही त्यांच्या पिशवीकडे बघत होते. निघताना आमच्या ह्यांनी बजावलं होतं, "जा, पण त्याच्या पिशवीत काय आहे ते आधी बघ." मी बघितलं होतं. नारळ, खण आणि पावशेर पेढे. तरी नजर तिकडे जायचीच.

मालोजी साबळे आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. पलटणीत नोकरी करून आलेले. शहात्तर साल होतं. लष्करातून सुटून आलेल्या माणसाला कंपन्या तेव्हा हौसेनं सिक्युरिटीत घ्यायच्या. वर्दी, शिट्टी, बसायला खुर्ची. भाऊजींनाही तसंच बोलावणं आलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, राखण करायची नाही. आणि गेले कुठं, तर फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर. लालभडक लोखंडावर वरून टनभर वजन आदळतं, ते काम. कानाला दडे बसतात, अंगावर ठिणग्या उडतात. खुर्ची सोडून माणूस आगीत का जातो? आमच्या चाळीतला संशय तिथूनच सुरू झाला.

यशोदाबाई पलीकडच्या खोलीतल्या, परभणीकडच्या. त्या म्हणाल्या, "वर्दी नको म्हणायलाय म्हंजे तिकडं काहीतरी करून आलेला असणार. उगं कोण सोडतंय?"

चाळ रहमतबींची. पत्र्याची, शहाबादी फरशीची, कारखान्याच्या भिंतीला जवळजवळ लागून. हॅमर पडला की फरशी हलायची, मांडणीवरचे पेले किणकिणायचे. नव्यानं आलेल्याला झोप लागायची नाही आणि जुन्याला हॅमर थांबला की जाग यायची. वीज वाटून द्यायची म्हणून आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असायची. आमचे हे पिंपरीला औषधांच्या कंपनीत, त्यांची सुट्टी रविवारी. म्हणून गुरुवारी दिवसभर चाळीत बायका, पोरं आणि घरी असलेले हॅमरवाले.

आणि मालोजीभाऊजींचं जे काही व्हायचं ते गुरुवारीच.

आधी दार लागायचं. मग खिडकीच्या फटीतून पोरांना दिसलं ते असं, की भाऊजी फरशीवर पालथे पडलेत, कान फरशीला, आणि नाकासमोर पाण्यानं काठोकाठ भरलेली थाळी. पाण्याकडे टक लावून बघताहेत. मध्येच बोटानं फरशीवर टकटक करतात, पुन्हा कान लावतात. कस्तुरा, त्यांची बायको, चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली.

"गुरुवार, थाळी, पाणी आन् दार बंद," यशोदाबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "धन बघायलाय ह्यो. आमच्याकडं काय झालं ते पेपरात वाचलं का नाही तुम्ही? लेकरं सांभाळा आपापली."

त्यांच्या भागातल्या गुप्तधनाच्या खुनांच्या बातम्या तेव्हा येऊन गेल्या होत्या. त्यामुळे हसायची सोय राहिली नव्हती. बायकांनी पोरांना त्या खोलीसमोरून जायला मनाई केली. नळावर कस्तुरा आली की बोलणं थांबायचं.

मला धनाचा संशय नव्हता. माझा संशय वेगळा होता. गुरुवार माझ्या देवाचा वार. मी लहानपणापासून उपास करते. बाधा झालेला माणूस दत्ताच्या वारी कसा तळमळतो ते मी औदुंबराखाली डोळ्यांनी बघितलेलं. मी कस्तुराला अंगारा दिला, म्हटलं उशाला ठेव. तिनं घेतला. काही फरक पडला नाही. मला वाटलं, बाधा जबरदस्त आहे.

मग एका सोमवारी वीज गेली. अचानक, भर शिफ्टमध्ये. हॅमर थांबले आणि सगळी चाळ दचकून बाहेर आली. थोड्या वेळानं कामगारांना घरी सोडलं. मी कस्तुराकडे मीठ मागायला गेले तर भाऊजी फरशीवर पालथे, समोर थाळी.

माझ्या तोंडून निघालं, "अहो, आज सोमवार आहे."

त्यांनी मान न उचलता सांगितलं, "आज हॅमर बंद आहे."

त्यानंतरच्या गुरुवारी मोठी ऑर्डर होती, कारखाना ओव्हरटाइमवर चालू राहिला. भाऊजींची त्या दिवशी सुट्टीच होती. मी मुद्दाम डोकावले. दार सताड उघडं, फरशी हादरतेय, आणि भाऊजी उंबऱ्यावर बसून कस्तुराच्या हातच्या चकल्या खात यशोदाबाईंना हाक मारताहेत, "या की, मावशी! आज धन वाटायचंय!"

यशोदाबाईंनी दार लावून घेतलं. मला मात्र देवापुढे उभं राहून हायसं वाटलं. माझ्या वाराचा दोष नव्हता.

हे मी यशोदाबाईंना सांगितलं, रहमतबींना सांगितलं. त्यांना ते पटेपर्यंत पुढचा गुरुवार आला. त्या दिवशी भाऊजींनी पहार घेऊन खोलीतली फरशी उचकटली आणि गुडघाभर खड्डा खणला. घमेली भरून माती बाहेर पडली, सगळ्या चाळीनं बघितली. कस्तुरा पाच महिन्यांची गरोदर. यशोदाबाईंनी कुणाकरवी तिच्या भावाला, दौलतरावांना, निरोप धाडला, की पहिलटकरीण घरात आणि घरात खड्डा, याचा अर्थ तुम्हीच लावा. दौलतराव आले आणि बहिणीला घेऊन गेले. भाऊजी खड्ड्याच्या काठावर बसून होते. त्यांनी अडवलं नाही.

रहमतबी मोठ्या मनाची बाई, पण तिलाही भाडेकरू सांभाळायचे होते. ती म्हणाली, "देख मालोजी, फरशी बसव अन् बायकोला आण. खड्डा करून एकटा राहणारा माणूस मी चाळीत ठेवणार नाही, बाबा. लोक मला खातील." आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जा त्याच्यासंगट. मर्द गेले तर मारामारी होईल." म्हणून मी त्या वाटेवर होते, आणि म्हणून आरती म्हणत होते.

आरती संपली. पुढचं गाव लांब होतं. मी ठरवलं, आता आपणच बोलत राहायचं कशाला, यांना बोलतं करू.

"भाऊजी, खड्ड्यात काय निघालं?"

"माती."

"आणि काय निघेल असं वाटलं होतं?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पुढे बघून.

"एकाहत्तरची लढाई आम्ही बघितलीच नाही, वहिनी. पलटण पोचली तवर तिकडं हत्यारं खाली ठेवून झालं होतं. लोक विचारतात, किती मारले? मी काय सांगणार? मग आम्हाला कैदी सांभाळायला लावलं. मध्य हिंदुस्तानात कॅम्प होता. दोन वर्षं. राखण म्हणजे काय, तर तारेच्या बाहेरून चालायचं आणि ऐकायचं. दिसत काही नाही, ऐकायचंच. एका बरॅकीखाली खरवडल्याचा आवाज यायचा. सगळे म्हणाले घुशी आहेत. मीपण म्हटलं घुशी."

"घुशी नव्हत्या?"

"भुयार खणत होते. पावसात जमीन बसली. दोघं आत राहिले. आतून ठोकत होते. कशानं कुणास ठाऊक, डबड्यानं असेल. आवाज वर यायचा, पण कुठनं यायचा ते कळेना. हवालदार म्हणाले, साबळे, तुझा कान चांगला, तू सांग. मी आडवा पडायचो, कान लावायचो, थाळीत पाणी ठेवून तरंग कुठं उठतो ते बघायचो, म्हणायचो इथं. इथं खणलं की आवाज तिकडं. मग तिकडं. पाणी भरत होतं खड्ड्यात. मी सांगत गेलो, जवान खणत गेले."

"मग?"

"मग ठोकायचं थांबलं."

वाटेत एक ओहोळ होता. त्यांनी मला हात न देता दगड दाखवले, कुठल्यावर पाय ठेवायचा ते.

"दुसऱ्या दिवशी काढले. मी दाखवलं त्याच्यापासून लांब होते."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पण ते शत्रूचेच ना?"

"व्हय. शत्रूचेच. एक जण माझ्याकडं तंबाखू मागायचा. द्यायची मनाई होती."

खरं सांगते, मला सगळं पटलं नाही. मनात एक पाल चुकचुकत होती. पुरुष बायकोला न सांगता शेजारणीला का सांगतो? अर्धं सांगून अर्धं झाकत तर नसेल? मी विचारलं, "हे कस्तुराला माहीत आहे?"

"नाही."

"का?"

"ती पोटुशी आहे," म्हणाले, आणि पुढे भराभर चालायला लागले. पेढ्यांची पिशवी मांडीवर आपटत होती. मला वाटलं, यात आणखी काहीतरी आहे.

दौलतरावांचं घर वाडीच्या कडेला. ते ओसरीवर बसले होते. आम्ही आलेलं त्यांनी लांबूनच बघितलं असणार, कारण कोयता हाताशी काढून ठेवलेला होता. पाणी विचारलं नाही.

"ही कोन?" माझ्याकडे बोट.

"शेजारीण आहेत. दुर्गावहिनी."

"शेजारीन कशाला आनली? घरचं कोन न्हाई का तुमाला?" मग भाऊजींना नीट न्याहाळून म्हणाले, "काय पाव्हनं, सोनं घावलं का?"

"न्हाई घावलं. घावलं असतं तर तुमच्या कोयत्याला चांदीची मूठ केली असती."

दाराआड बांगड्या वाजल्या. कस्तुरा चौकटीला धरून उभी होती. तब्येत चांगली दिसत होती, डोळे मात्र सुजलेले.

मी सगळं मांडलं. गुरुवारचं, सोमवारचं, ओव्हरटाइमचं. म्हटलं, दौलतराव, यात धन नाही, बाधा नाही. हॅमर चालू असला की हे तुमच्या-आमच्यासारखे असतात. आवाज थांबला की यांना जमिनीखालचं ऐकू येतं. लष्करात काही झालंय, ते डोक्यात बसलंय.

दौलतराव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी कारखाना बंद पडला की ह्यो मानूस माज्या भनीला गाडनार. आसंच ना, बाई?"

मी दाराकडे, कस्तुराकडे बघितलं.

तेव्हा कस्तुरा बोलली. "ताई, तुमाला फरशीचं ठावं हाय. पोटाचं ठावं न्हाई."

भाऊजींनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि वाटेत जे झाकलेलं वाटलं होतं ते हेच, हे मला कळलं.

"त्या गुरवारी पोटातलं पैल्यांदा चांगलं हाललं," कस्तुरा म्हणाली. "मीच म्हनलं, आवो बगा बगा. हौसंनं म्हनलं. त्यांनी कान लावला. आन् तोंड पांढरं पडलं त्यांचं. म्हनले, ठोकतंय. आत अडकलंय गं, लवकर काढाय पायजे. माजा हात सोडला न् पहार हुडकाया लागले. मी भितीला चिकटले. मग त्यांनी फरशी फोडली. माज्याकडं बगत पन नवते." तिनं पदर तोंडाला लावला. "आज फरशी, ताई. फुडल्या गुरवारी काय?"

दौलतराव उभे राहिले. कोयता जागेवरच होता, पण त्यांचा हात कधीही तिकडे जाईल असं मला वाटलं. मी मनातल्या मनात दत्तगुरूंचं नाव घेतलं. सगळ्यांच्या आधी मी भाऊजींकडे बघत होते, की आता नाही म्हणतात का, हिला भास झाला म्हणतात का. पुरुष असं म्हणतात.

ते म्हणाले, "व्हय. आसंच झालं."

एवढंच. त्या एका वाक्यानं दौलतरावही थोडे ढिले पडले. भांडायचं तर समोरच्यानं 'नाही' म्हणावं लागतं.

मी कस्तुराला विचारलं, "बाई, तुला काय पाहिजे ते तू सांग. भावाचं नको, माझं नको."

"मला घरी यायचंय," ती म्हणाली. "बाळतपन हितं करीन, पर मग माज्या घरी यायचंय. पन त्यांना मिलिटरीच्या दवाखान्यात दावा. डागदरला समदं कळू द्या. त्यो म्हनला ह्या मानसाजवळ ल्येकरू ठिवा, तर ठिवीन. तवर न्हाई."

"दवाखान्यात?" दौलतराव पुन्हा भडकले. "आत्ता कोन जातंय दवाखान्यात? आत घेत्यात आन् सरसकट नसबंदीचं ऑपरेशन करून धाडत्यात!"

"क्येलं तर क्येलं," कस्तुरा म्हणाली. "एक हाय पोटात."

आत कुणीतरी म्हातारी फिसकन हसली. दौलतरावांनी तिकडे रागानं बघितलं, मग बसले. पाणी तेव्हा आलं. भाऊजींनी नारळ, खण आणि पेढे ओसरीच्या कडेला ठेवले, कस्तुराच्या पायापासून लांब, जसं परक्या घरी ठेवावं. कस्तुरानं पुढे येऊन खण उचलला. पेढे तिनं उचलले नाहीत. दौलतरावांनी पुडा उघडून एक पेढा आधी आमच्यासमोर भाऊजींना खायला लावला. त्यांनी खाल्ला. मग तो पुडा आत गेला.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. नदीपर्यंत मी गप्प होते आणि या वेळी त्यांनी मला बोलायला सांगितलं नाही. पाण्याचा आवाज होता, त्यामुळेही असेल. मी त्यांच्यापासून चार हात अंतर ठेवून चालत होते, हे त्यांना कळलं असणार. मनात येत होतं, कस्तुरा म्हणते ते बरोबर आहे, आणि आपल्या भिंतीपलीकडे हा माणूस राहतो, आपलीही मुलं आहेत. दुसऱ्या बाजूनं मनात येत होतं, की तोंड लपवायला इतकी संधी असून हा एका शब्दानंही खोटं बोलला नाही.

भामेच्या काठावर ते एका दगडावर बसले. चप्पल काढून पाय पाण्यात सोडले.

"वहिनी, एक काम करा माझं."

मला वाटलं, कस्तुराकडे पुन्हा जाऊन या म्हणतील. मी म्हटलं, "सांगा."

"मी दवाखान्यात जाईन. पुढच्या गुरुवारीच जाईन. पण तुम्ही माझ्याबरोबर या. तुमच्या मालकांना घेऊन या हवं तर, पण तुम्ही या."

"मी काय करणार तिथं? डॉक्टर तुम्हाला तपासतील."

"मी मागं एकदा जाऊन आलोय. कुणाला सांगितलं नाही. तिथले डॉक्टर म्हणजे कॅप्टन, मेजर. साहेब समोर आला की माझ्या टाचा आपोआप जुळतात. साहेबानं विचारलं, झोप लागते? मी म्हटलं, लागते साब. विचारलं, काही त्रास? म्हटलं, सब ठीक, साब. डोकं दुखतंय एवढंच सांगितलं. गोळ्या घेऊन आलो. साहेबाचा दोष नाही. मी सांगितलंच नाही तर त्याला काय कळणार? दोन वर्षं रोज ड्यूटी उतरताना मी हेच म्हणत आलो. दुसरं काही तोंडातनं निघतच नाही."

त्यांनी पाय पाण्यातून काढले आणि पदराशी चाळा करत बसलेल्या माझ्याकडे दिवसभरात पहिल्यांदा सरळ बघितलं.

"मी ठीक म्हणालो की तुम्ही पुढं व्हा. थाळीचं सांगा, खड्ड्याचं सांगा. आणि पोटाचं सांगा. ते तर मी मेलो तरी साहेबाला सांगणार नाही. मी तुम्हाला खोटं पाडायला बघीन, वहिनी. शेजारीण आहे, अडाणी आहे, हिला काय कळतंय, असं म्हणीन. ओरडेन पण. तुम्ही ऐकू नका माझं. शेवटपर्यंत सांगा."